फातोर्ड्याचा सी गट

भारतात ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, तेव्हा २४ देशांचे सहा गट पाडण्यात आले होते. त्यांतला सी गट गोव्याच्या वाट्याला आला. जर्मनी, इराण, कोस्टारिका आणि गिनी हे त्यातले चार संघ, आणि मैदान मडगावजवळच्या फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. महाराष्ट्रात नवी मुंबईलाही एक गट होता, पण सिंधुदुर्गातल्या माणसाला जवळचा गट फातोर्ड्याचाच. कुडाळला किंवा सावंतवाडीला कोकण रेल्वेत बसले की मडगावला उतरायचे, नाहीतर बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडायचा.

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा आणि कबड्डी यांच्यापुढे फुटबॉलला फारशी जागा नाही. सीमेपलीकडे मात्र तो गावोगावचा खेळ आहे. शिवोलीत १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. पुढे साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी देशाची अजिंक्यपदे जिंकली आणि २०१२ मध्ये फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा मिळाला. तेव्हा सी गट गोव्याला आला, तो खेळाची जाण असलेल्या प्रेक्षकांसमोर आला.

गटाचा हिशेब सोपा होता. चार संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक लढत, एकूण सहा सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पहिले दोन संघ बाद फेरीत जात. पण गट सहा असले की दोन-दोन मिळून बाराच संघ होतात आणि बाद फेरीला हवेत सोळा. उरलेल्या चार जागा सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वांत चांगल्या चौघांना दिल्या जात. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक पाहायचा आणि तोही सारखा निघाला तर केलेले गोल मोजायचे. हा नियम वाचताना कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्यामुळे कोणाची सुटकेस भरली जाते आणि कोणाची उघडी राहते, ते पुढे दिसेलच.

गटवारीची सोडत ७ जुलै २०१७ रोजी मुंबईत निघाली. नायजेरियाचा न्वांक्वो कानू आणि अर्जेंटिनाचा एस्तेबान कांबियासो त्यासाठी आले होते. कानूने स्वतः १९९३ मध्ये हाच सतरा वर्षांखालचा विश्वचषक जिंकला होता. एका खंडातले दोन संघ एका गटात टाकायचे नाहीत, असा दंडक होता. म्हणून सी गटात युरोप, आशिया, आफ्रिका आणि उत्तर-मध्य अमेरिका यांचा प्रत्येकी एक संघ आला.

अशा गटाचा अंदाज बांधताना बहुतेक लोक झेंडा पाहतात. जर्मनी म्हटले की मोठ्यांचे चार विश्वचषक आठवतात आणि पहिला क्रमांक तिथेच देऊन टाकला जातो. कुमारांच्या स्पर्धेत ही पद्धत फसवी आहे. या स्पर्धेत १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळाडू चालत होते. म्हणजे दर खेपेला संपूर्ण संघ नवा, आधीच्या पिढीचा एकही पाय त्यात नाही. वयाची चोरी होऊ नये म्हणून मनगटाचा एमआरआय काढण्याची पद्धत फिफाने २००९ पासून या स्पर्धेला लावली. शिवाय क्लबांवर खेळाडू सोडण्याची सक्ती नसते. ब्राझीलच्या विनिसियस ज्युनियरला फ्लामेंगोने भारतात पाठवलेच नाही आणि इंग्लंडच्या जेडन सांचोला डॉर्टमुंडने साखळी सामने संपताच परत बोलावून घेतले. तेव्हा विचारायचे ते एवढेच की ही मुले आपल्या खंडाच्या पात्रता स्पर्धेत कशी खेळली, कोणत्या हवेत खेळली आणि त्यांच्यातले नेमके कोण आले आहेत.

जर्मनीचे उत्तर चांगले होते. मे २०१७ मध्ये क्रोएशियात झालेल्या युरोपीय स्पर्धेत हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि स्पेनकडून पेनल्टींवर हरला. कर्णधार यान-फीटे आर्प हा हॅम्बुर्गचा आघाडीवीर. त्या स्पर्धेत त्याने सात गोल केले होते आणि त्याच वर्षी जर्मनीत आपल्या वयोगटाचे फ्रिट्झ वाल्टर सुवर्णपदकही मिळवले होते. प्रशिक्षक क्रिस्टियान वुक. संघ उंच, धिप्पाड, मैदानभर दाबून खेळणारा. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाशी मात्र जर्मनीचे सूत कधी पुरते जुळले नव्हते. १९८५ मध्ये पश्चिम जर्मनी उपविजेती ठरली, २००७ आणि २०११ मध्ये तिसरा क्रमांक मिळाला, पण चषक नाही. टोनी क्रूस २००७ च्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी तोही चषकाविनाच परतला होता.

गिनी हा पश्चिम आफ्रिकेतला देश, राजधानी कोनाक्री. बॉक्साइटच्या प्रचंड साठ्यांसाठी आणि २०१४ नंतरच्या इबोलाच्या साथीसाठी त्याचे नाव आपल्याकडच्या बातम्यांत आले असेल, फुटबॉलसाठी क्वचितच. पण १९८५ च्या पहिल्यावहिल्या स्पर्धेत, जेव्हा ती सोळा वर्षांखालच्यांची होती, गिनी चौथी आली होती आणि शेवटच्या चारांत तिच्याबरोबर पश्चिम जर्मनीही होती. २०१७ मध्ये गॅबनमधल्या आफ्रिकी स्पर्धेत गिनीने नायजरला हरवून तिसरा क्रमांक घेतला. आफ्रिकेचे चारही पात्र संघ मुळातच जड असत. वेग आणि ताकद यांत कोणाला हार न जाणारा, पण मागची फळी विस्कळीत होण्याची सवय असलेला, असे या संघाचे चित्र होते.

कोस्टारिकाने पनामातल्या विभागीय स्पर्धेतून जागा मिळवली. सैन्य नसलेला हा चिमुकला देश गटांचे अंदाज चुकवण्यात मुरलेला आहे. २०१४ च्या मोठ्यांच्या विश्वचषकात उरुग्वे, इटली आणि इंग्लंड या तीन माजी विजेत्यांच्या गटात तो सापडला, तेव्हा त्याला कोणी हिशेबात धरले नव्हते. तो गटात पहिला आला आणि उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून पेनल्टींवर हरला. २०१५ च्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धेतही त्याने फ्रान्सला पेनल्टींवर घरी पाठवून शेवटच्या आठांत मजल मारली होती. मागे गर्दी करायची, चेंडू हिरावायचा आणि झटकन पुढे सुटायचे, ही त्यांची रीत. २०१७ च्या संघात मात्र मोठे नाव नव्हते.

राहिला इराण. आणि इथे गोवेकर प्रेक्षकाला बाकीच्या जगापेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक होती. आदल्याच वर्षी, १५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०१६ या काळात, सोळा वर्षांखालच्या मुलांची आशियाई स्पर्धा गोव्यातच झाली होती. मैदाने दोन, फातोर्डा आणि बांबोळी. बांबोळी म्हटले की सिंधुदुर्गातल्या माणसाला गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ आठवते. तिथल्याच जीएमसी स्टेडियमवर आशियातली उद्याची पिढी खेळत होती. भारत आणि इराण एकाच गटात होते. भारताने संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ अशी हार खाल्ली, सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी साधली आणि इराणपुढे ०-३ असा निरुपाय झाला. इराणने पुढे व्हिएतनामला ५-० ने धुतले, उपांत्य फेरीत उत्तर कोरियाला पेनल्टींवर हरवले आणि अंतिम सामन्यात इराककडून पेनल्टींवरच हार पत्करली. चालू खेळात त्या सामन्यात एकही गोल झाला नव्हता.

प्रशिक्षक अब्बास चमनियान यांनी हाच गाभा वर्षभर एकत्र ठेवला. आघाडीला अल्लाहयार सय्यदमनेश, ज्याचे नाव स्पर्धेच्या यादीत नुसते 'सय्यद' असे छापले होते. बाजूने यूनुस देल्फी. गोव्याच्या दमट हवेत, पावसाने जड झालेल्या हिरवळीवर अटीतटीचे सामने खेळून झालेला, हरण्याची चव घेतलेला संघ बाराच महिन्यांनी त्याच राज्यात परतत होता. याआधी इराणने या विश्वचषकात २००९ आणि २०१३ मध्ये बाद फेरी गाठली होती, पण तिथला पहिला अडथळा त्याला कधी ओलांडता आला नव्हता. नावाच्या वजनाने सी गट जर्मनीचा होता. पात्रतेचा आणि हवेचा विचार करणाऱ्याने इराणला निदान तिच्या बरोबरीने तरी धरायला हवे होते.

हवेची गोष्ट किरकोळ नव्हे. कोकणपट्टीत ऑक्टोबर हा विचित्र महिना. भातकापणीची घाई, परतीच्या पावसाची टांगती तलवार, दुपारी पारा ३२-३३ अंशांवर आणि हवेत इतका ओलावा की अंगावरचा घाम वाळतच नाही. थंड देशातून आलेल्या मुलाला उन्हापेक्षा हा ओलावा खातो, कारण शरीर गार करण्याचे घामाचे काम थांबते. फातोर्ड्यावर एका दिवशी दोन सामने होते, पहिला संध्याकाळी पाचला, दुसरा रात्री आठला. पाचचा सामना खेळणे ही जास्त कठीण परीक्षा. त्यात २१ जणांचा चमू आणि ७, १०, १३ ऑक्टोबर असे आठवड्यात तीन सामने. मैदानभर धावून दाबणारी जर्मन पद्धत अशा वेळी सर्वांत महाग पडते.

कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. ७ तारखेच्या पहिल्या सामन्यात जर्मनीला कोस्टारिकाने घाम फोडला. आर्पने २१ व्या मिनिटाला गोल केला, तरी ६४ व्या मिनिटाला कोस्टारिकाने बरोबरी साधली. नंतरच्या पंचवीस मिनिटांत सामना कोणाकडेही झुकू शकला असता. ८९ व्या मिनिटाला नोआ अवुकूने गोल केला आणि २-१ असे तीन गुण जर्मनीच्या पदरात पडले. त्याच रात्री इराणने गिनीला ३-१ ने हरवले.

१० ऑक्टोबरला गटाचा निकाल लागला म्हटले तरी चालेल. कोस्टारिका आणि गिनी यांनी २-२ अशी बरोबरी करून एकमेकांचे नुकसान केले. रात्री इराण आणि जर्मनी समोरासमोर आले. सहाव्याच मिनिटाला देल्फीने चेंडू जाळ्यात घातला. जर्मन संघ पुढे सरकत राहिला, चेंडूही बराच वेळ त्याच्याकडे होता, पण पुढे गेलेली बचावफळी आणि गोलरक्षक यांच्यामधली मोकळी जागा इराणने पुनःपुन्हा हेरली. ४२ व्या मिनिटाला देल्फीचाच दुसरा गोल. मध्यंतरानंतर चार मिनिटांत सय्यदमनेशचा तिसरा. ७५ व्या मिनिटाला वाहिद नामदारीचा चौथा. ४-०. या निकालाला जगभर धक्कादायक म्हटले गेले, पण आदल्या वर्षीची स्पर्धा पाहिलेल्यांना चार गोलांचे नवल वाटले असेल, जिंकण्याचे नव्हे.

शेवटच्या फेरीचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत असते, म्हणजे दुसरीकडचा निकाल पाहून कोणी सोयीचा खेळ करू नये. त्यामुळे १३ तारखेला जर्मनी आणि गिनी यांना कोचीला हलवले आणि इराण-कोस्टारिका सामना फातोर्ड्यावर राहिला. इराणने तो ३-० ने जिंकला, त्यांतले दोन गोल पेनल्टीवरचे. कोचीत जर्मनीने गिनीला ३-१ ने हरवले. पहिल्या दोन जागा ठरल्या. इराण ९ गुण, जर्मनी ६.

तळाची गंमत अधिक वाचनीय आहे. गिनी आणि कोस्टारिका दोघांचाही एकेक गुण. गिनीने चार गोल केले आणि आठ खाल्ले. कोस्टारिकाने तीन केले आणि सात खाल्ले. गोलफरक दोघांचा उणे चार. मग केलेल्या गोलांवर गिनी तिसरी आली. पण त्या तिसऱ्या क्रमांकाचा तिला उपयोग झाला नाही, कारण बाकीच्या गटांतले तिसरे संघ पुढे होते. अमेरिकेचे सहा, नायजर आणि होंडुरासचे तीन-तीन, आणि चौथी जागा मेक्सिकोची, अवघ्या दोन गुणांवर. मेक्सिकोने गटात एकही सामना जिंकला नव्हता. फक्त दोन बरोबऱ्या. गिनीने कोस्टारिकाशी केलेल्या बरोबरीबरोबर आणखी एक बरोबरी साधली असती, तरी गोलफरकावर मेक्सिकोच पुढे राहिला असता.

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या बी गटाशी ताळा करून पाहिला तर योगायोग थक्क करतो. पराग्वे ९, माली ६, न्यूझीलंड १, तुर्कस्तान १. गुणांची उतरंड हुबेहूब तीच. इतकेच नव्हे, तर न्यूझीलंडचेही गोल चार आणि खाल्लेले आठ, अगदी गिनीसारखेच. पण गुणतक्ता सारखा असला म्हणून संघांची पत सारखी नसते. नऊ गुणांचा पराग्वे पुढच्याच सामन्यात अमेरिकेकडून ०-५ असा चिरडला गेला. सहा गुणांचा माली, जो आफ्रिकेचा विजेता म्हणून आला होता, चौथ्या क्रमांकापर्यंत पोचला. तिथेही झेंड्यापेक्षा पात्रता स्पर्धेचा निकालच खरा बोलला.

इराणची पुढची गाठ त्याच दोन गुणांवर तरलेल्या मेक्सिकोशी पडली, १७ ऑक्टोबरला फातोर्ड्यावरच. पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल करून इराणने सामना आपल्याकडे ओढला आणि २-१ ने जिंकून प्रथमच शेवटच्या आठांत पाऊल ठेवले. त्या दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात मालीने आशियाच्या विजेत्या इराकला ५-१ ने लोळवले. जर्मनीने दिल्लीत कोलंबियाला ४-० ने हरवून गटातल्या पराभवाचे उट्टे दुसऱ्याच कोणावर काढले. २२ ऑक्टोबरला दोघांचाही प्रवास संपला. इराण कोचीत स्पेनकडून १-३, जर्मनी कोलकात्यात ब्राझीलकडून १-२. फातोर्ड्याचा शेवटचा सामना आदल्या दिवशी, नेमका भाऊबीजेला झाला. इंग्लंडने अमेरिकेला ४-१ ने हरवले आणि त्यांतले तीन गोल ऱ्हिआन ब्रूस्टरचे होते. पुढे विश्वचषकही इंग्लंडनेच जिंकला, अंतिम सामन्यात स्पेनला ५-२ ने हरवून.

यजमान भारताचा ए गट दिल्लीला होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारत हरला, पण ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला खेळत होता आणि अमेरिकेत वाढलेला मराठी घरातला नमित देशपांडेही चमूत होता. महाराष्ट्र शासनाने स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याची 'मिशन वन मिलियन' मोहीम राबवली होती. एका दिवसाचा उत्साह आणि वर्षभर मैदान, यांत शाळांना गरज दुसऱ्याची होती. ती मोहिमेने भागली असे म्हणता येत नाही.

कुमार गटातल्या कामगिरीवरून मोठेपणीचे भविष्य सांगणे हा आणखी निसरडा धंदा. सी गटातला सर्वांत गाजलेला आर्प २०१९ मध्ये बायर्न म्युनिकला गेला, पण तिथल्या मुख्य संघात कधी रुजला नाही. त्याच जर्मन संघातला बचावपटू यान बिसेक पुढे इंटर मिलानला पोचला. सय्यदमनेश इराणच्या मुख्य संघात आला आणि तुर्कस्तान, इंग्लंड, बेल्जियम असा फिरला. प्रशिक्षक वुक यांनी २०२३ मध्ये जर्मनीला सतरा वर्षांखालचा विश्वचषक मिळवून दिला, देशाचा या वयोगटातला पहिला.

फातोर्ड्यावर पाच वर्षांनी पुन्हा असाच एक गट आला, या वेळी मुलींचा. ऑक्टोबर २०२२ मधल्या सतरा वर्षांखालच्या महिला विश्वचषकात जर्मनी, नायजेरिया, चिली आणि न्यूझीलंड हे बी गटात होते. संघ सोळाच असल्याने तिसऱ्या क्रमांकाची भानगड नव्हती, पहिले दोन पुढे, बाकीचे घरी. सलामीलाच जर्मनीने नायजेरियाला २-१ ने हरवले, तरी पुढे गेले ते हेच दोघे, आणि दोघेही उपांत्य फेरीपर्यंत पोचले. ते उपांत्य सामनेही गोव्यातच झाले आणि दोघेही हरले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत तिसऱ्या क्रमांकासाठी ते पुन्हा भिडले. ३-३ अशा बरोबरीनंतर नायजेरियाने पेनल्टींवर गटातल्या पराभवाची परतफेड केली.

मोठ्यांच्या २०२६ च्या विश्वचषकासाठी संघ ४८ आणि गट १२ ठरवण्यात आले, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारा संघांपैकी आठ बाद फेरीत जाण्याचा नियम झाला. वर्तमानपत्रात असा गट छापून आला की वाचकाने पहिल्या क्रमांकाच्या चर्चेवर वेळ घालवण्याआधी चारही संघांचे पात्रता सामने आणि शेवटच्या फेरीचे वेळापत्रक एकदा पाहावे.